सुनेच्या पोटातलं बाळ आणि अठरा वर्षांनंतरची साखर
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

माणसांच्या मोठ्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून आजारांची कारणं शोधणारे अभ्यास, म्हणजे कोहॉर्ट अभ्यास, यांच्याविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यांतली सहा निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावात एका संशोधन संस्थेच्या ताई येतात. सून चार महिन्यांची गरोदर आहे. तिचं वजन, आहार, रक्त सगळं घेणार आणि बाळ मोठं होईपर्यंत दर काही वर्षांनी तपासायला बोलावणार म्हणतात. औषध मात्र काहीच देणार नाहीत. मग एवढा खटाटोप कशाला? सही करावी का? (एक सासूबाई, तालुका शिरूर)

औषध देत नाहीत, कारण इथे औषध तपासायचंच नाही. ज्यांना अजून तो आजार झालेला नाही अशी माणसं धरायची, आज त्यांचं खाणंपिणं, वजन, रक्त कसं आहे ते टिपून ठेवायचं आणि पुढे कोणाला काय होतं ते मोजत राहायचं, असं हे काम आहे. आजार झाल्यावर "तेव्हा तुम्ही काय खात होतात?" असं विचारलं तर कोणालाच धड आठवत नाही. म्हणून आधी लिहायचं आणि मग वाट पाहायची.

याचं फार चांगलं उदाहरण तुमच्या जवळच आहे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. दिवस राहण्याच्या आधीपासूनच बायकांची नोंद होती आणि कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. कारण साधं आहे. दिवस नक्की किती गेले हे ठाऊक नसेल, तर अडीच किलोचं बाळ लवकर जन्मलं म्हणून लहान आहे की पुरे दिवस भरूनही वाढ खुंटली म्हणून लहान आहे, हे सांगताच येत नाही. खात्रीसाठी १५ ते १८ आठवड्यांत सोनोग्राफी होई. १८व्या आणि २८व्या आठवड्याला आहार आणि रक्त. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा, पोटाचा आणि दंडाचा घेर, आणि पाठीवरच्या कातडीच्या घडीची जाडी कॅलिपरच्या चिमट्यात धरून मोजली जाई. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. त्यामुळे एकाचं पहिल्या दिवशी आणि दुसऱ्याचं आठव्या दिवशी घेतलं तर तुलनाच कोलमडते.

या मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो. बाळं सरासरी २.७ किलोची. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची होती. पण खरी गोष्ट कॅलिपरने दाखवली. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचं असं हे बाळ. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक दुवा सापडला : ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फॉलिक अॅसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. मधुमेहाची वाट तिथून सुरू होते. दर तीन मातांमागे जवळपास दोघींचं बी-१२ कमी होतं. (हे वाचून सुनेची फॉलिक अॅसिडची गोळी बंद करू नका. ती बाळाच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांपासून वाचवते. बी-१२ कमी आहे का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.) बारा आणि अठरा वर्षांनीही ही मुलं पुन्हा तपासली गेली. कोहॉर्टने संशय दाखवला, तो खरा का हे पाहण्यासाठी २०१२ साली याच मुलामुलींना किशोरवयातच बी-१२ देऊन पाहण्याची चाचणी सुरू झाली. सहा गावांतल्या कुटुंबांनी इतकी वर्षं दार उघडं ठेवलं म्हणूनच हे जमलं.

आता सहीचं. सही सुनेची हवी. तुमची नाही आणि मुलाचीही नाही. त्याआधी तिने विचारावं : रक्त किती घेणार? पाच मिली म्हणजे चहाचा एक चमचा, तर आकडा मिलीमध्येच मागा. नमुने किती वर्षं ठेवणार आणि त्यावर जनुकीय तपासणी होणार का? तपासणीत काही गंभीर निघालं, समजा हिमोग्लोबिन ७ च्या खाली, तर किती दिवसांत आणि कोण कळवणार? संमतीपत्र मराठीत हवं, त्याची एक प्रत तुमच्या घरी राहिली पाहिजे आणि त्यावर नीतिमत्ता समितीचा, म्हणजे सहभागी माणसांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर हवा. मधेच नको म्हटलं तरी उपचारात फरक पडता कामा नये, हा तिचा हक्क आहे. मूल सात वर्षांचं झालं की त्यालाही विचारावं लागतं. आणि संस्थेची तपासणी झाली म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातली तपासणी चुकवू नका, दोन्ही वेगळ्या आहेत.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, चाळीस वर्षं बिडी ओढतात. "सिगारेटपेक्षा बिडी बरी, तंबाखू असते केवढीशी" म्हणतात. मी त्यांना "६४ टक्के जास्त धोका" असं काही तरी वाचून दाखवलं, तर म्हणाले, "शंभरातले चौसष्ट मेले असते तर गाव ओस पडलं असतं." (एक वाचक, सिन्नर)

वडिलांचा हिशेब चुकला, पण तुम्ही आकडा अर्धवट सांगितलात म्हणून चुकला.

आकडा बहुधा मुंबईच्या अभ्यासातला आहे. १९९१ ते १९९७ या काळात मतदारयाद्या हाताशी धरून मुंबईतल्या पस्तिशीपुढच्या १,४८,१७३ लोकांची घरी जाऊन नोंद केली : तंबाखू कोणती, कशी, किती. काही वर्षांनी पुन्हा तीच दारं ठोठावून कोण हयात आहे ते पाहिलं. कधीच तंबाखू न घेतलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १.३७ पट निघालं आणि बिडीवाल्यांत १.६४ पट. म्हणजे "बिडी बरी" हे मुंबईतच खोटं ठरलं आहे. कारणही समजण्यासारखं आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी आत शिरते, बिडी सारखी विझते, म्हणून ती पेटती ठेवायला पटापट आणि जोरात झुरके ओढावे लागतात. तंबाखू थोडी असली तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातं.

आता ६४ टक्के. हे प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत आहे, शंभर माणसांपैकी नव्हे. मूळ आकडा धरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समजा, तंबाखू न घेणाऱ्या त्याच वयाच्या हजार पुरुषांत वर्षाला १० मृत्यू होतात. मग बिडीवाल्या हजारांत ते १६.४ होतील. वर्षाला हजारी साडेसहाच्या आसपास जास्त, दहा वर्षांत हजारी साठ-पासष्ट जास्त. वडिलांना हे सांगा : "आपल्या गावात बिडी ओढणारे तुमच्या वयाचे हजार जण असतील, तर दहा वर्षांत त्यांतले साठेक केवळ बिडीपायी जातील." मूळ धोका लाखात एक असता तर १.६४ पट होऊनही तो नगण्यच राहिला असता. बातमीत टक्केवारी दिसली की "कितीवरून किती?" हे विचारायचं.

"वर्षाला हजारी" हा हिशेब कसा होतो तेही सांगून टाकतो, कारण वर्तमानपत्रं तो कधीच देत नाहीत. पाच वर्षं संपर्कात राहिलेला माणूस पाच व्यक्ती-वर्षं देतो. दोन वर्षांनी घर सोडून वसईला गेलेला आणि नंतर न सापडलेला माणूस दोनच देतो. सगळ्यांच्या वर्षांची बेरीज करून मृत्यूंच्या संख्येला त्या बेरजेने भागायचं. असं केलं की मधेच निघून गेलेल्यांचा जेवढा काळ खरोखर पाहिला तेवढाच हिशेबात येतो.

या अभ्यासाची एक मर्यादाही आहे. श्रीमंत सोसायट्यांत फाटकाच्या आत शिरणंच अवघड, म्हणून त्या इमारती वगळल्या होत्या. त्यामुळे हे आकडे मध्यम आणि कष्टकरी मुंबईचे आहेत. पण बिडी ओढणारा आणि न ओढणारा दोघेही त्याच वस्त्यांतले होते, म्हणून तुलना पक्की आहे.

आणि ६२व्या वर्षी सोडून काय उपयोग? ब्रिटनमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी डॉक्टरांच्याच धूम्रपानाची नोंद घेतली आणि पन्नास वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. सिगारेट ओढत राहिलेले सरासरी १० वर्षं लवकर गेले. पन्नाशीत सोडणाऱ्यांची सुमारे ६ वर्षं वाचली, साठीत सोडणाऱ्यांची सुमारे ३. तीन वर्षं म्हणजे नातवाची दहावी-बारावी पाहून होते. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे.

प्रश्न : त्याच मुंबईच्या अभ्यासात फार बारीक माणसंच जास्त दगावली असं वाचलं. माझं वजन ८५ किलो आहे. मग कमी करू नको का? (दादर)

कमी करा. क्षयाने किंवा लपलेल्या कर्करोगाने माणूस आधी वाळतो आणि मग जातो. नोंदीत मात्र "बारीक होता आणि मेला" एवढंच दिसतं. कारण आणि परिणाम उलटे लागतात. हे ओळखायला पहिल्या दोन-तीन वर्षांतले मृत्यू बाजूला काढून हिशेब पुन्हा करतात. मुंबईत गरिबी, कुपोषण आणि क्षय यांनी येणारं बारीकपण खरंच घातक आहे, पण ८५ वरून ७५ वर येण्याशी त्याचा संबंध नाही. उलट, प्रयत्न न करता वजन उतरू लागलं तर लगेच तपासून घ्या.

प्रश्न : मी सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर विद्यार्थी. बीड जिल्ह्यातल्या तीन गावांत ५०० माणसं घेऊन तीन वर्षं रक्तदाब आणि पक्षाघात यांचा कोहॉर्ट करायचा विचार आहे. काय काळजी घेऊ? (छत्रपती संभाजीनगर)

आधी बोटावर मोजा. समजा, त्या वयात पक्षाघाताचं प्रमाण वर्षाला हजारी २ आहे. ५०० माणसं, ३ वर्षं, म्हणजे फार तर १,५०० व्यक्ती-वर्षं, आणि पक्षाघात ३. तीन घटनांवरून कशाचंच काही सिद्ध होत नाही. कोहॉर्टची ताकद किती माणसं घेतली यापेक्षा किती घटना घडल्या यावर ठरते. म्हणून वारंवार घडणारा परिणाम निवडा, उदाहरणार्थ "नव्याने झालेला उच्च रक्तदाब". आणि ज्यांना तो आधीच आहे त्यांना सुरुवातीलाच वेगळं काढा. हे न काढणं ही नव्या अभ्यासकांची सर्वांत नेहमीची चूक.

संख्येचं एक उदाहरण मनात ठेवा. एका गटात २ टक्के लोकांना आणि दुसऱ्यात ४ टक्के लोकांना तो परिणाम होईल असं धरलं, तर हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे १,१४० माणसं शेवटपर्यंत हवीत. २० टक्के गळती धरायची तर १,१४० ला ०.८ ने भागा : १,४२५. बरेच जण १.२ ने गुणून १,३६८ घेतात आणि शेवटी माणसं कमी पडतात.

गळतीबद्दल बीडमध्ये वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घरांना कुलूप. पाठपुराव्याची फेरी जून ते सप्टेंबरमध्येच ठेवा. जानेवारीत गेलात तर गावात म्हातारी माणसं आणि नोकरदार भेटतील, आणि सर्वांत गरीब, सर्वांत जास्त राबणारी माणसंच हिशेबातून निसटतील. अशाने निकाल वास्तवापेक्षा गोड निघतो, आणि नंतर कितीही संख्याशास्त्र लावलं तरी ते पुरतं सुधारत नाही. पहिल्याच भेटीत तीन मोबाइल नंबर घ्या : स्वतःचा, गावातल्या दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा, आणि माहेरच्या किंवा मामाच्या घरचा. सिमकार्डं दरवर्षी बदलतात, मामा बदलत नाही. मुकादमाचं आणि कारखान्याचं नावही लिहा. लग्नाच्या वयाच्या मुलींचं सासर ठरलं की त्या गावाची नोंद लगेच करा. आधार क्रमांक मात्र गोळा करत बसू नका. गरज नसलेली ओळख जवळ बाळगणं हाच धोका.

वय विचारलं की "असेल पन्नास" असं उत्तर येतं. घटनांचं कॅलेंडर बनवा. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जाण्याएवढे होतात का? ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरलं लेकरू किती मोठं होतं? अशा दोन-तीन खुणांनी वय दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, मिश्री नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा, हात हृदयाच्या पातळीवर. एकेका मिनिटाने तीनदा मोजा, पहिला आकडा सोडून उरलेल्या दोहोंची सरासरी घ्या. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा लावा. लहान पट्ट्याने जाड दंडावर दाब उगाच जास्त दिसतो. आणि दर आठवड्याला आकड्यांचा शेवटचा अंक तपासा. डिजिटल यंत्रावर ० ते ९ हे सगळे अंक साधारण दहा-दहा टक्के यायला हवेत. एखाद्या कार्यकर्त्याच्या वहीत ४० टक्के आकडे शून्यावर संपत असतील, तर तो झाडाखाली बसून १३०/८० लिहितो आहे. रागावू नका, त्याला एका दिवसात किती घरं दिली आहेत ते आधी पाहा. बारापेक्षा जास्त असतील तर चूक तुमची.

मृत्यू झाला तर तेराव्यानंतर जा, त्याआधी नको. पण सहा महिन्यांपेक्षा उशीरही नको, तपशील पुसट होतात. "हृदयक्रिया बंद पडून" हे कारण नव्हे, ते तर प्रत्येकाचंच होतं. घरच्यांकडून शेवटच्या आजाराची हकीकत सविस्तर घ्या आणि ती दोन डॉक्टरांना स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवू द्या. मृत माणूस तंबाखू खात होता की नाही हे त्या दोघांना कळता कामा नये. सगळं सुरू करण्याआधी तीस माणसांवर तालीम करा, निम्मे प्रश्न तिथेच बदलावे लागतील.

प्रश्न : पंचवीस वर्षांपूर्वी पाळी गेल्यावर हृदयासाठी चांगल्या म्हणून हार्मोनच्या गोळ्या दिल्या गेल्या. मग "घेऊ नका" म्हणाले. आता मुलीला पुन्हा देत आहेत. अभ्यास असे शब्द का फिरवतात? (ठाणे)

तुमचा वैताग रास्त आहे. अमेरिकेत १९७६ पासून १,२१,७०० परिचारिकांचा कोहॉर्ट सुरू होता. त्यात हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. पण गोळ्या कोण घेत होतं? बहुतेक शिकलेल्या, वजन सांभाळणाऱ्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या स्त्रिया. त्यांचं हृदय गोळीने चांगलं की राहणीने, हे वेगळं करणं कठीण. म्हणून १६,६०८ स्त्रियांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी अशी चाचणी झाली. २००२ साली ती वेळेआधी थांबवली गेली. गोळी घेणाऱ्यांत दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ७ हृदयविकाराचे, ८ पक्षाघाताचे आणि ८ स्तनाच्या कर्करोगाचे प्रसंग जास्त होते. मांडीच्या खुब्याची फ्रॅक्चर मात्र ५ ने कमी.

तरी कोहॉर्ट साफ चुकला होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. परिचारिकांनी गोळ्या पाळी जाताजाता सुरू केल्या होत्या. चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे वयाचा हा फरक लक्षात घेऊन दोन्हींचा हिशेब सारख्या पद्धतीने मांडला, तेव्हा निकाल बरेच जवळ आले. म्हणूनच आज साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, गरम वाफांनी हैराण झालेल्या स्त्रीला, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नसेल तर, डॉक्टर त्या देतात. त्या त्रासासाठी देतात, हृदयाच्या रक्षणासाठी नाही. आपलं वय आणि आजारांचा इतिहास यांत बसतो का, हे दोन मुद्दे मुलीने विचारून घ्यावेत.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, न्यू जर्सीत राहतो. ऑनलाइन गणकयंत्र म्हणतं, दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका फार कमी. पण वडिलांना साताऱ्यात ४८व्या वर्षी झटका आला होता. कोणावर विश्वास ठेवू?

अशा गणकयंत्रांची सुरुवात मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावापासून झाली. तिथे १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुष निवडून दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे हृदयविकाराचे धोके आहेत हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतं, ते मोठ्या प्रमाणात तिथूनच. पण ते लोक जवळजवळ सगळे गोरे होते, आणि त्यांच्यावरून काढलेलं सूत्र दक्षिण आशियाई माणसाचा धोका कमी दाखवतं असं वारंवार आढळलं. शिवाय दहा वर्षांचा धोका काढताना वयाचं वजन इतकं असतं की चाळिशीत जवळजवळ प्रत्येकाचा आकडा कमीच येतो. म्हणूनच अमेरिकेच्या कोलेस्टेरॉलविषयीच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश आणि वडिलांना ५५ वर्षांच्या आत झालेला हृदयविकार हे दोन्ही धोका वाढवणारे मुद्दे म्हणून वेगळे दिले आहेत. तुमच्यात दोन्ही आहेत. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या ९०६ दक्षिण आशियाई लोकांचा खास कोहॉर्ट २०१० पासून चालू आहे, तो नेमकी हीच पोकळी भरण्यासाठी.

पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर वडिलांचं झटक्याच्या वेळचं वय, ते तंबाखू घेत होते का, त्यांना मधुमेह होता का, आणि काका-आत्यांपैकी कोणाला काय झालं ते लिहून न्या. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि चरबीच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर लायपोप्रोटीन-ए या रक्तातल्या चरबीवाहक कणाची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. त्याची पातळी बहुतांशी आनुवंशिक असते आणि नेहमीच्या रिपोर्टात येत नाही. तरीही औषध सुरू करावं की नाही हे ठरत नसेल, तर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा. साताऱ्याला फोन करून वडिलांची जुनी फाइल मागवून घ्या. त्यातला पहिला ईसीजी आणि त्या वेळचं कोलेस्टेरॉल तुमच्या डॉक्टरांना गणकयंत्रापेक्षा जास्त सांगेल.